बरं आहे ना?

त्या नोटांना हिंगाचा वास येत होता. पाचशेच्या सहा नोटा, चार पदरी घडी घातलेल्या, दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून वरून रबर लावलेलं. शाळा सुटल्यावर तालुक्याच्या स्टँडजवळ उतरत होते, तेव्हा काळीपिवळीवाल्या भाऊंनी ती पुडी माझ्या हातावर ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीचा टायर फुटला होता, तेव्हा मी तीन हजार दिले होते. ते परत येतील म्हणून मी कधी वाट पाहिली नाही. अकरा वर्षं त्यांच्याच गाडीने शाळेत जातेय. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पलीकडे थांबून राहणारा, माझी डबा विसरण्याची सवय माहीत असलेला माणूस आहे तो. मी म्हटलं, "अहो भाऊ, एवढी काय घाई होती? सोयाबीन घरी येऊ द्यायचं होतं." तर म्हणाले, "नाही मॅडम, देऊन टाकतो. घरची म्हनते, कोनाचं ठेवू नोका." ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सोंगणी होऊन शेतात गंज्या लागल्या होत्या आणि तीन दिवस पाऊस थांबत नव्हता. ओल्या सोयाबीनचा आंबूस वास सगळ्या रस्त्याला धरून बसला होता. त्यांचंही तीन एकर त्याच पावसात होतं. मी पर्सची चेन लावली आणि विचारलं, "सगळं बरं आहे ना?"

"हाव न," ते म्हणाले. गाडी वळवून निघून गेले.

घरी येऊन भाजी चिरायला बसले आणि सुरी हातातच राहिली. तीन आठवड्यांपूर्वी, सप्टेंबरच्या मध्यात, पंचायत समितीच्या सभागृहात दोन दिवस बसून मी जे शिकले होते, ते माझ्यासमोर सहा नोटांच्या रूपात येऊन गेलं होतं. 'माणूस अचानक देणीघेणी मिटवायला लागला, जपलेल्या वस्तू वाटायला लागला, तर थांबा आणि विचारा.' हे वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी तेच विचारलं जे आयुष्यभर विचारत आले. उत्तरही तेच आलं. (पुढचं सगळं मी त्या नवराबायकोला विचारून, त्यांना वाचून दाखवून लिहितेय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत. हिंगाचा वास मात्र खरा आहे.)

प्रशिक्षणाचं बोलावणं आलं तेव्हा जायची फार इच्छा नव्हती. शाळेत दोनच शिक्षक, त्यातला एक गेला की चार वर्गांचं काय करायचं हा प्रश्न असतोच. विषय होता आत्महत्या प्रतिबंध. अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला हा विषय नवा नाही, आणि नवा नसल्यामुळेच तो नकोसा आहे. सभागृहात गेले तर ओळखीचीच तोंडं: आशाताई, अंगणवाडी सेविका, तीन गावांचे पोलीस पाटील, कृषी केंद्रवाले दोघे, पतसंस्थेचा वसुली करणारा मुलगा, आणि कोपऱ्यात संकोचून बसलेले आमच्या स्टँडवरचे सलूनवाले काका. मला प्रश्न पडला की यांना कशाला बोलावलं? शिकवायला आलेल्या ताईंनी तासाभरात तो मिटवला. त्यांनी काकांनाच विचारलं, तुमच्या खुर्चीत बसल्यावर माणसं काय काय बोलतात? काका थोडा वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "आरशात पाहून बोलते न ताई. माह्याकडे पाहून नाही बोलत." त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. पण आमच्यापैकी कोणाही शिकलेल्या माणसाला गावाबद्दल तेवढं ठाऊक नव्हतं.

ताई आम्हाला 'गेटकीपर' म्हणत होत्या. आत्महत्या रोखायच्या प्रशिक्षणात जगभर हाच शब्द आहे, त्यांनी सांगितलं. कोणीतरी विचारलं, म्हणजे द्वारपाल का? पंढरपूरला जयविजय उभे असतात तसे? सलूनवाले काका म्हणाले, "फाटकवाला म्हना न. शकुंतला धावे तवा फाटकावर राहे तो." शकुंतला म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे. सगळ्यांना ते एकदम पटलं. फाटकवाल्याला इंजीन चालवता येत नाही, रूळ दुरुस्त करता येत नाहीत. त्याला गाडी येताना दिसते, तो लोकांना थांबवतो, आणि पुढच्या स्टेशनला खबर देतो. डॉक्टर आम्ही होणार नव्हतोच. तेवढंच शिकायचं होतं: दिसलं पाहिजे, थांबता आलं पाहिजे, आणि माणसाला पुढे नेऊन पोहोचवता आलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी आम्हाला जोड्यांनी समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, एकमेकांना विचारा. आडून नको, सरळ. 'तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?' हे वाक्य तोंडाने म्हणा. सभागृहात पन्नासेक माणसं होती आणि पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. दोघीजणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ते हसू घाबरल्याचं होतं. एका पोलीस पाटलांनी असं विचारलं की जणू पंचनामाच चाललाय. माझ्यासमोर पतसंस्थेचा तो मुलगा होता, पंचविशीचा. मी त्याला विचारलं, "तुझ्या मनात काही वेडंवाकडं येत नाही ना?" ताई मागेच उभ्या होत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, तुम्ही त्याला उत्तर आधीच देऊन टाकलंत. आता तो 'नाही'च म्हणणार. तो 'ना' काढा."

तो 'ना' काढायचा म्हणजे काय, हे मी तेव्हापासून रोज बघतेय. जेवलात ना? पोचलीस ना नीट? रागावला नाहीस ना? औषधं घेताय ना? आपण विचारतो तेव्हा आपल्याला हवं ते उत्तर प्रश्नाच्या शेपटीला बांधून देतो आणि समोरच्याने ते फक्त सोडून घ्यायचं असतं. मी त्या 'ना'ला नावं ठेवत नाही. माझी आई फोन ठेवताना "येशील ना?" म्हणायची, त्यात केवढी माया होती. पण मायेइतकीच त्यात भीतीही असते. उत्तर दुसरं आलं तर आपण काय करायचं, ही भीती. बरं आहे ना, असं विचारणारा माणूस खरं तर विनवत असतो, की बाबा रे, बरं आहे असंच म्हण, मला घरी जायचंय.

आमच्या घरात तर 'आत्महत्या' हा शब्दच नव्हता. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझे धाकटे मामा गेले. बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, त्यातलं एक वाक्य कानावर पडलं: "त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं." मला वाईट काय ते कळलं. मामा आता येणार नव्हते, उन्हाळ्यात गोळेवाल्याकडे नेणार नव्हते. पण त्यात बरं काय होतं? मी आजीला विचारलं. आजीने मला जवळ ओढलं आणि तोंडावर हात ठेवला. तिच्या तळव्याला पिठाचा वास होता. त्यानंतर चाळीस वर्षं आमच्याकडे मामांचा विषय निघाला की 'तो अपघात' असं म्हणतात. त्यांचा फोटो आहे, पण पितृपक्षात त्यांचं नाव घ्यायचं की नाही यावरून दरवर्षी कुजबुज होते. त्या सभागृहात आत्महत्या हा शब्द दोन दिवसांत शेकडो वेळा उच्चारला गेला. संध्याकाळी घरी येताना माझा घसा दुखत होता, आणि तो बोलून दुखत नव्हता.

एका पोलीस पाटलांनी नेमका सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. "मॅडम, नसलेलं बी डोक्यात कायले पेरायचं? आपन इचारलं अन् त्याच्या मनात आलं तर?" ताईंनी सांगितलं की या शंकेचा पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि विचारल्यामुळे विचार रुजतो असं कुठे आढळलेलं नाही, उलट कोणीतरी सरळ विचारलं की माणसाच्या छातीवरचा दगड थोडा हलतो. पाटलांना दुसरी काळजी पोलिसांची होती. वाचलेल्या माणसावर केस होते, म्हणून गावात लोक दवाखान्यात खोटं सांगतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम असं सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं, दंड विधानातलं जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. पाटलांनी हे वहीत उतरवून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि त्याखाली तारीख घातली. मला ते फार आवडलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर एक कृषी केंद्रवाले उठून जे म्हणाले, तेही लिहायला हवं. "आधी भावाचं बोला. कर्जाचं बोला. सोयाबीनला भाव नाही, अन् तुम्ही आम्हाले बोलायचं कसं ते शिकवता." टाळ्या पडल्या. ताईंनी मान हलवली. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, म्हणाल्या. ती लढाई लढायचीच आहे, मी तिच्या आड येत नाही. पण त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. मला अजूनही कधी कधी वाटतं की त्या केंद्रवाल्यांचं बरोबर होतं. समुपदेशनाने हमीभाव मिळत नाही. ओल्या सोयाबीनला कोंब फुटलेले असताना "मन मोकळं करा" म्हणणं लाज वाटावी असं असतं. आणि तरीही मामांचा फोटो डोळ्यांपुढे आला की मी ताईंच्या बाजूला जाते. या दोन बाजूंमध्ये माझी ये-जा चालूच असते.

ताईंनी मग आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली, जी मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. दहाएक वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी घरोघरी, चौकात, बचतगटात मनाच्या आजाराबद्दल बोलायचं, कोणाला त्रास आहे ते ओळखायचं, पहिला आधार द्यायचा, आणि गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी कुठे मदत घेतली होती. दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापूनही आलं. माझ्या शेजारची आशाताई हळूच म्हणाली, "मंग तवाच सगळ्या गावात काहून नाही केलं?" हा प्रश्न आजही तसाच आहे.

आणि 'औषध' हा शब्द. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं, औषध उरलं. तापाची गोळीही औषधच. दुसरे केंद्रवाले, जे दोन दिवस गप्प होते, ते यावर बोलले: त्यांनी बिलावर 'औषध' लिहिणं बंद केलं आहे, 'कीटकनाशक' लिहितात. आणि एकट्याने आलेलं, नेहमीचं नसलेलं, डोळ्याला डोळा न देणारं गिऱ्हाईक असलं तर चहा मागवून बसवून ठेवतात. ताई म्हणाल्या की जीव द्यावासा वाटण्याची ती लाट बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकते, त्या वेळात हाताशी काही नसणं हेच पुष्कळांना वाचवतं. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ सत्तर टक्क्यांनी उतरलं. चेन्नईला १९८६ मध्ये 'स्नेहा' ही संस्था काढणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी कडलूर जिल्ह्यातल्या गावांत सामायिक कुलूपबंद कप्पे करून पाहिले: विष घरात ठेवायचंच नाही, गावाच्या जागी ठेवायचं, लागेल तेव्हा काढून आणायचं. इतकी साधी गोष्ट. आमच्या घराघरांत ते धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवलेलं असतं.

पण मी आता त्या रात्रीकडे येते. भाजी तशीच राहिली. नवरा म्हणाला, उगाच डोक्यात घेऊ नकोस, माणसाने उधारी फेडली तर त्यात घाबरायचं काय? त्याचंही चूक नव्हतं. उधारी फेडणारा प्रत्येक माणूस मरायला निघालेला नसतो. मी भाऊंना फोन लावावा म्हणून दोनदा नंबर काढला. नऊ वाजून गेले होते. बाईमाणसाने रात्री फोन करून असलं विचारायचं? लोक काय म्हणतील, त्यांची बायको काय म्हणेल? ही सगळी कारणं खरी होती, आणि मला हेही कळत होतं की मी ती गोळा करतेय. शेवटी फोन केला आणि "उद्या साडेनऊलाच याल, मला लवकर जायचंय" एवढंच बोलून ठेवला. आवाज ऐकला, त्यावर रात्र काढली. आज वाटतं, तेवढ्यावर थांबायला नको होतं.

सकाळी गाडीत मी एकटीच होते, पुढच्या सीटवर. नाल्याच्या अलीकडे म्हटलं, "भाऊ, गाडी जरा बाजूला घेता?" त्यांना वाटलं मला उलटी होतेय. इंजीन बंद झालं. काचेवर बारीक थेंब होते. माझं तोंड कोरडं पडलं होतं. म्हटलं, "काल तुम्ही पैसे दिलेत, तेव्हापासून मला चैन नाही. सोयाबीन असं भिजलंय. अशा वेळी माणसाला कधी कधी जगणं नकोसं होतं. तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता रागावतील.

"मले?" ते म्हणाले. "नाही मॅडम. मले नाही."

मी सुटकेचा श्वास सोडणार इतक्यात त्यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर पाहत राहिले. बराच वेळ. एक एसटी पाणी उडवत गेली. मग बोलले, "पैसे मी नाही देल्ले. तिनं काढले डब्यातून. म्हने, सगळ्याईचे वापस करून टाका, माह्यामागं कोनी तुमाले बोलाले नोको. परवा बहिनीले लग्नातली साडी देऊन टाकली. रातभर जागीच राह्यते. मी म्हनलं, येडी का तू, गप्प बस. लेकराईकडे पाह्य."

'माझ्यामागं.' हा शब्द त्यांनी महिनाभर ऐकला होता. मी आदल्या दिवशी तिच्या नोटा हातात घेतल्या होत्या, त्यांचा वास घेतला होता, आणि त्या स्वयंपाकघरातून आल्या आहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कारण माझ्या डोक्यात शेतकरी होता. आमच्याकडे सगळ्यांच्याच डोक्यात शेतकरी असतो, आणि त्याला कारण आहे: १९८६च्या १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने कुटुंबासह आयुष्य संपवलं, त्यांच्या आठवणीत आजही दरवर्षी लोक त्या दिवशी अन्नत्याग करतात. ते केलंच पाहिजे. पण ताईंनी फळ्यावर आणखी एक आकडा लिहिला होता आणि मी तो उतरवून घेऊन विसरले होते. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. त्या वर्षी देशभरात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जण होते. आणि गृहिणी २५,३०९. आत्महत्या केलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक. त्यांच्यासाठी कोणी उपास धरत नाही. पोट दुखत होतं, डोक्यावर परिणाम झाला होता, घरगुती कारण होतं, असं म्हणून ते घरातल्या घरात मिटतं.

त्या दिवशी मी शाळेत फोन करून सांगितलं आणि गाडी तिथूनच वळवायला लावली. त्यांचं घर गावाच्या वरच्या अंगाला, दोन खोल्या आणि मागे कोठा. ओसरीत ओलं सोयाबीन पसरलेलं, त्यावरून पाय जपून टाकत आत गेले. वहिनी चुलीपुढे नव्हत्या, नुसत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून पटकन उठल्या, पदर सारखा केला, चेहऱ्यावर हसू आणलं. अकरा वर्षांत त्यांच्या हातचे लाडू मी किती वेळा खाल्ले असतील, पण घरात आज पहिल्यांदा आले होते. आणि तोंडातून काय निघालं? "वहिनी, बऱ्या आहात ना?"

"हाव न मॅडम. बसा, मी चहा मांडतो."

स्टोव्ह पेटला. भाऊ दारात उभे होते, त्यांना मी खुणेने बाहेर थांबायला सांगितलं. मी जमिनीवर त्यांच्या शेजारी बसले. ओट्यावर हिंगाची डबी होती आणि तिच्या शेजारी तो डाळीचा डबा, झाकण उघडं. म्हटलं, "तुम्ही ते पैसे पाठवलेत. साडी दिलीत. मला तुमची काळजी वाटली म्हणून आलेय. वहिनी, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

चहा उतू गेला. दोघींपैकी कोणीच हात पुढे केला नाही.

"येते," त्या म्हणाल्या. "धुनं वाळत घालतानी येते. भांडे घासतानी येते. कपाशीत निंदतानी नाही येत, घरी आलो की येते." दिवाळीपर्यंत काय करायचं आहे याची यादी वाचावी, तसं त्या सांगत होत्या. मग रडू आलं. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काय बोलले नाही ते आठवतं. 'शुभ बोला' म्हटलं नाही. 'मुलांकडे बघा' म्हटलं नाही, ते तर नवरा रोज म्हणतच होता, आणि मुलांकडे बघूनच त्यांना आपण ओझं झालोय असं वाटत होतं. 'हिंमत ठेवा' जिभेवर आलं होतं, गिळलं. प्रशिक्षणात शिकवलेला पुढचा प्रश्न, काही ठरवलंय का, हा पहिल्यापेक्षाही कठीण होता. तोही विचारला. त्यांनी काही न बोलता मागच्या दाराकडे पाहिलं. तासाभरात घरातलं फवारणीचं उरलंसुरलं सगळं भाऊंनी केंद्रवाल्यांकडे नेऊन कुलपात ठेवलं.

नंबर नुसता लिहून द्यायचा नाही, सोबत बसून लावायचा, असं ताईंनी सांगितलं होतं. मी १४४१६ लावला आणि स्पीकरवर टाकला. टेलिमानस, २०२२च्या १० ऑक्टोबरपासून सुरू असलेली सरकारी सेवा, दिवसरात्र आणि फुकट. पलीकडून एक मुलगी मराठीत बोलली. वहिनी पहिली पाच मिनिटं नुसत्या "हाव, हाव" करत होत्या. मग फोन त्यांनी माझ्या हातातून घेतला, स्पीकर बंद करायला सांगितला आणि कोठ्याकडे गेल्या. मी ओसरीत बसून सोयाबीनचे कोंब आलेले दाणे वेगळे करत राहिले. भाऊ म्हणाले, "मी तिले गप्प बस म्हनत होतो मॅडम." मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कोणी शिकवलं होतं दुसरं काही? ते रडले. त्यांना मी या आधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि माझ्यापासून तोंड लपवायला त्यांना त्या ओसरीत जागाही नव्हती.

त्याच दुपारी आशाताई सोबत आली आणि आम्ही चौघं जिल्हा रुग्णालयात गेलो, मानसोपचाराच्या ओपीडीत. रांग मोठी होती. डॉक्टरांनी वेळ दिला, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी बोलावलं, आणि गुण यायला दोनतीन आठवडे लागतात, तोवर एकटं ठेवू नका हे तीनदा बजावलं. ते दोनतीन आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. बहीण येऊन राहिली. आशाताई दिवसाआड जायची. मी रोज सकाळी गाडीत बसल्याबरोबर भाऊंच्या चेहऱ्याकडे बघायचे. एक दिवस ते यायला वीस मिनिटं उशीर झाला तर माझे पाय थंड पडले, पंक्चर होतं. मध्येच एकदा मला या सगळ्याचा रागही आला. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने माझ्या गळ्यात हे काय अडकवलं? मी शिक्षिका आहे, माझी चौथीची पोरं भागाकारात अडकलीयेत. रात्री झोप लागेना तेव्हा मीही ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाई, फाटकवाल्यालाही ड्युटी बदलून मिळते. आज रात्री आशाताईला सांगा, तुम्ही झोपा." मी झोपले.

मला कोणी शाबासकी दिली की अजून अंग चोरावंसं वाटतं. भाऊंना विचारलं आणि वहिनी सापडल्या, यात माझं शहाणपण कुठे होतं? गावात अशा किती जणी असतील ज्यांच्या नोटा माझ्यापर्यंत आल्या नाहीत. मागच्या पाच वर्षांत माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरी ते झालं आहे. त्यातल्या एका बापाला मी पालकसभेत विचारलं होतं, बरं आहे ना सगळं? तेवढं वाक्य मला अजून ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी माझ्याकडे आल्या, बहिणीसोबत. अंगावर तीच लग्नातली साडी होती, बहिणीने परत दिलेली. गोळ्या अजून चालू आहेत. चेहरा थोडा सुजलेला वाटला, हसू मात्र डोळ्यांपर्यंत गेलं. बाकीच्या बायका वाण घेऊन गेल्यावर त्या मागे थांबल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाल्या, "मॅडम, ते तीन हजार हायेत का तुमच्याकडं?" मी कपाटातून ती पुडी काढली. दुधाच्या पिशवीचा तुकडा, रबर, सगळं तसंच ठेवलं होतं. त्यांना शिलाई मशीन घ्यायची होती, जुनी, गावातल्याच एकीची. पैसे कमी पडत होते.

मी म्हटलं, घ्या, परत द्यायची काही गरज नाही.

"तसं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुडी चोळीत खोचली. "उधार लिहून ठेवा. पुढच्या सोयाबीनवर देतो."